थंडींत पातळ, उन्हाळ्यांत घट्ट

खोबरेल तेल पौष महिन्यांत बाटलींत थिजतें आणि उन्हांत ठेविलें कीं पुन्हां पातळ होतें, हें आमच्या छत्रपती संभाजीनगरांत घरोघरीं माहीत आहे. तूप, मेण, डांबर या सर्वांचा धर्म हाच. त्यामुळें उष्णतेनें पदार्थ पातळच व्हावयाचा, अशी समजूत होऊन बसते. परंतु या नियमाच्या उलट चालणारा एक पदार्थ औषधें तयार करणारे नित्य वापरतात. त्याचें पाण्यांतील शेकडा 20 प्रमाणाचें द्रावण शीतकपाटांत पाण्याप्रमाणें वाहतें, आणि शरीराच्या उष्णतेस आलें कीं खळीसारखें घट्ट होतें. पुन्हां थंड करावें, पुन्हां पातळ. अंड्यांतील पांढरा भागही उष्णतेनें घट्ट होतो खरा. पण तो पुन्हां पातळ झालेला कोणीं पाहिला आहे?

या पदार्थाचें नांव पोलॉक्सॅमर 407. बाजारांत त्यास प्लुरॉनिक एफ-127 म्हणतात. त्याचा प्रत्येक रेणु म्हणजे एक लांब साखळी होय. साखळीच्या दोन्ही टोकांस पॉलिएथिलीन ऑक्साइडच्या सुमारें शंभर शंभर कड्या, व मध्यें पॉलिप्रॉपिलीन ऑक्साइडच्या सुमारें पासष्ट. टोकांस पाण्याची आवड आहे; मधल्या भागाचें पाण्याशीं जमणें न जमणें मात्र उष्णतामानावर अवलंबून असतें.

थंड पाण्यांत या मधल्या भागाभोंवतीं पाण्याचे रेणु जणूं कवाइतीस उभे राहतात, आणि प्रत्येक साखळी सुटी विरघळून राहते. उष्णता वाढली कीं त्यांस ती शिस्त सोसवत नाहीं. ते मोकळे होतात. मग उघडे पडलेले मधले भाग एकमेकांजवळ येऊन आंत दडतात आणि टोकें बाहेर पाण्यांत पसरतात. असा जो गोलक बनतो तो मिसेल. त्याची रुंदी मिलिमीटरच्या सुमारें पन्नासहजाराव्या भागाएवढी. साबणाच्या पाण्यांतही असे पुंजके असतात, असें मॅकबेन यांनीं 1913 सालीं मांडिलें. परंतु साबणाचे पुंजके बनण्यास जें प्रमाण लागतें तें ऊन-थंडीनें फारसें बदलत नाहीं. या साखळ्यांची गोष्ट वेगळी. अमेरिकेंत 1994 सालीं प्रसिद्ध झालेल्या मोजणीप्रमाणें, मिसेल होण्यास 20 अंशांवर सुमारें शेकडा 4 पदार्थ लागतो, 25 अंशांवर 0.7, आणि 30 अंशांवर अवघा 0.1. दहा अंशांत चाळीसपट फरक!

म्हणजे शेकडा एक प्रमाणाची बाटली आमच्या शहरांतील एखाद्या खोलींत वर्षभर ठेविली, तर पौषांतल्या पहाटे तींत सुट्या साखळ्या असतील, आणि वैशाखांत पारा चाळिसांवर गेला म्हणजे मिसेल. डोळ्यांस दोन्ही वेळीं स्वच्छ पाणीच दिसेल.

मग हें कळतें कसें? मुंबईस तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांत 1985 सालीं कार्यान्वित झालेल्या ध्रुव अणुभट्टीच्या न्यूट्रॉनांनीं अशा द्रावणांचा अभ्यास झालेला आहे. न्यूट्रॉन द्रावणांतून जातांना किती कोनांतून वळतात यावरून गोलकांचा आकार काढितात. यासाठीं साध्या पाण्याऐवजीं जड पाणी घेतात, म्हणजे साखळ्या व पाणी न्यूट्रॉनांस निरनिराळीं भासतात.

द्रावण दाट असेल तर गोलकांस हलण्यासही जागा उरत नाहीं. टोपलींत खच्चून भरलेल्या मोसंब्यांप्रमाणें ते एकमेकांस अडवितात, आणि द्रावण घट्ट होतें तें यामुळें. तेल थिजतें त्याचें कारण अगदीं निराळें.

मिसेलच्या पोटांत, पाण्यांत न विरघळणारें औषध भरतां येतें. आणि येथेंच पालकांचा संबंध येतो. बाटली फार थंड होऊन मिसेल मोडले, तर आंतलें औषध सुटून तळाशीं बसण्याचा संभव असतो. उलट, पातळ लावावयाचा द्राव वीज गेलेल्या मे महिन्याच्या दुपारीं बाटलींतच घट्ट होऊन बसेल. तो घट्टपणा थंड करतांच जाईल. परंतु आंतल्या औषधास ती उष्णता मानवली कीं नाहीं, हें नुसत्या डोळ्यांनीं सांगतां येत नाहीं. अशा वेळीं वेष्टनावर छापलेलें उष्णतामान वाचावें, व औषधविक्रेत्यास विचारल्यावांचून ती बाटली वापरूं नये.