जुन्या ट्रॅक्टरची डिझेलची टाकी व तिची बैठक

बैलाचा खांदा आला तर शेतकरी जोतें अधिक आवळीत नाहीं. जूं कोठें घासतें तें पाहतो. परंतु ट्रॅक्टरची डिझेलची टाकी खडखडूं लागली कीं, तोच शेतकरी पाना घेऊन पट्टीचा नट आणखी एक फेरा आवळतो आणि काम झालें असें समजतो. ही चूक आम्हींही कित्येक वर्षें केली व तिचें फळ ऐन पेरणींत भोगलें. सबब या विषयावर चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांत टाकी बॉनेटखालीं, इंजिनाच्या वर, लोखंडी ब्रॅकेटांवर ठेविलेली असते. वरून दोन पट्ट्या घालून त्या बोल्टांनीं ओढून धरलेल्या असतात. टाकीचा पत्रा व हें लोखंड यांमध्यें रबराचें किंवा नमद्याचें पॅकिंग असतें. ५० लिटर डिझेलाचें वजन सुमारें ४१ किलो भरतें; टाकीचें वजन निराळें. नांगरटीच्या ढेकळांतून चालतांना हा भार दिवसभर आदळत असतो, आणि टाकी अर्धी असली म्हणजे आंतील डिझेल हिंदकळून आणखी धक्के देतें. हे धक्के पॅकिंगनें सोसावे आणि पट्टीनें टाकीला केवळ जागेवर धरावें, अशी मूळ योजना आहे.

कालांतरानें इंजिनाच्या उष्णतेनें रबर कडक होऊन तडकतें. नमदा धुण्याचें व पावसाचें पाणी शोषून ठेवतो, त्यामुळें पट्टीखालीं गंज चढतो. वरचा रंग मात्र शाबूत दिसतो. पॅकिंग बसलें म्हणजे पट्टी सैल पडते, टाकी हलते व आवाज येतो. अशा वेळीं नट आवळला तर पट्टी थेट पत्र्यांत रुतते. मग पुढचा प्रत्येक धक्का त्या एका रेघेवर बसतो. तात्पर्य, खडखडाट हें रोगाचें लक्षण आहे. रोग पॅकिंगमध्यें आहे.

ज्या वर्षीं आमची टाकी फुटली त्या वर्षीं आम्हीं तीन वेळां पट्टी आवळली होती. रब्बी ज्वारीच्या पेरणींत बांधावरून चाक आदळलें, पट्टीच्या कडेला पत्र्यास चीर पडली आणि डिझेल गरम सायलेन्सरच्या नळीवर झिरपूं लागलें. धूर दिसतांच इंजिन बंद केलें म्हणून अनर्थ टळला. परंतु दुसरा ट्रॅक्टर भाड्यानें मिळेपर्यंत चार दिवस गेले व रानाचा वाफसा उडून गेला. चार पॅकिंगांची किंमत त्या नुकसानीपुढें कांहींच नव्हती.

आतां दुरुस्तीचा क्रम सांगतों. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी. जवळपास विडी, शेगडी किंवा ठिणगी नसावी. कॉक बंद करून डिझेल नळीनें स्वच्छ लोखंडी डब्यांत काढून घ्यावें, मग नळ्या व कांट्याची तार सुटी करून त्यांना खुणेच्या चिंध्या बांधाव्या. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीं गंज सोडविणारें तेल घालून ठेवावें. टाकी जागेवर असतांना बोल्ट कापण्यासाठीं गॅस किंवा ग्राइंडर कदापि लावूं नये.

टाकी उतरल्यावर ब्रॅकेट तारेच्या ब्रशानें घासून नीट पाहावें. वाकलेल्या कोपऱ्यांत व बोल्टाच्या भोंकांभोंवतीं केसासारखी चीर असते; ती तेलकट मळाखालीं लपते. चीर असलेलें ब्रॅकेट ट्रॅक्टरवरून सोडवूनच सांधून घ्यावें. गंजानें पातळ झालेली पट्टी बदलावी. नवी पट्टी मूळच्याच रुंदीची व जाडीची असावी, आणि तिच्या कडा कानशीनें गोल कराव्या. मग सर्व लोखंडाला रेड ऑक्साइड व त्यावर रंग द्यावा.

पॅकिंगसाठीं आपल्याकडे जुन्या ट्यूबचे तुकडे किंवा गोणपाट घालण्याची चाल आहे. ती सोडावी. ट्यूबचें रबर डिझेल लागतांच फुगून मऊ पडतें, आणि गोणपाट पाणी धरून पत्रा खातें. डिझेल सोसणारें नायट्राइल रबर सुट्या भागांच्या दुकानीं मिळतें, तेंच घ्यावें.

बोल्ट मूळच्याच मापाचे, डोक्यावर ८.८ असा आंकडा असलेले घ्यावे, व सैल न होणारे नट किंवा दुहेरी नट लावावे. दोन्ही पट्ट्या आळीपाळीनें थोड्या थोड्या आवळाव्या. पॅकिंग किंचित् दबलें कीं थांबावें. नंतर टाकी दोन्ही हातांनीं हलवून पाहावी: ती ब्रॅकेटावर सरकतां कामा नये, व पट्टी पत्र्यांत रुततां कामा नये. रबरामुळें टाकीचा लोखंडाशीं संबंध तुटून डिझेलचा कांटा चुकीचा दाखवूं लागला, तर टाकीपासून सांगाड्यापर्यंत एक अर्थिंगची तार जोडावी. शेवटीं डिझेल भरून फिल्टरवरील पेंच सैल करावा आणि हातपंपानें बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढावी. एक दिवस काम झाल्यावर नट पुन्हां तपासावे, कारण नवें रबर थोडें बसतें.

एक इशारा सर्वांत महत्त्वाचा. आमची टाकी फुटली तेव्हां एका वेल्डरनें “टाकी रिकामीच आहे, आतां टांका मारून देतों” असें सांगितलें, व आम्ही होकार देण्याच्या बेतांत होतों. रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रींनीं आमचा हात धरला. “रावसाहेब, भरलेल्या टाकीपेक्षां रिकामी टाकी वाईट,” असें ते म्हणाले. त्यांचें म्हणणें खरें आहे. टाकींतून डिझेल काढलें तरी पत्र्याच्या सांध्यांत त्याचा थर उरतो. वेल्डिंगच्या उष्णतेनें त्याची वाफ होते, आंतील हवेशीं मिसळते, आणि टाकी बाँबसारखी फुटते. केवळ पाण्यानें खंगाळल्यानें हा धोका जात नाहीं. म्हणून टाकी वाफेनें शुद्ध करून सांधणाऱ्या जाणत्या कारागिराकडेच द्यावी. तसा न मिळाल्यास नवी टाकी घ्यावी. मनुष्याच्या जिवापुढें टाकीची किंमत ती काय?

दफ्तरांत आयुष्य गेल्यामुळें आम्हांस नोंदीची खोड आहे, आणि ती येथें उपयोगी पडली. पॅकिंग बदलल्याची तारीख आम्ही आतां ट्रॅक्टरच्या वहींत लिहितों, व खरीप आणि रब्बी या दोन्ही हंगामांपूर्वीं बॉनेट उघडून पट्ट्यांखालीं बोट फिरवून पाहतों. बोटाला डिझेलचा ओलावा किंवा गंजाची भुकटी लागली, तर पाना हातीं न घेतां टाकी उतरवितों. वाचकांनींही पेरणीपूर्वीं एवढें अवश्य करावें, अशी आमची विनंति आहे.