शंभर टक्के सीपीयू म्हणजे व्हायरसच का?

लॅपटॉपचा पंखा घोंघावू लागला आणि एक्सेलची फाइल उघडेना, की 'व्हायरस शिरलाय' असं घरचे म्हणतात आणि 'फॉरमॅट मारून टाकू' असं दुरुस्तीवाला म्हणतो. दुसऱ्याला त्याचे पैसे मिळतात, पहिल्याला तेही नाहीत. टास्क मॅनेजर उघडून पाहायचं मात्र दोघांनाही सुचत नाही.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की तो उघडतो. पण तिथले आकडेही फसवतात. 'डिटेल्स'मध्ये 'सिस्टिम आयडल प्रोसेस'पुढे 95 दिसलं की लोक हादरतात. त्याचा अर्थ एवढाच की प्रोसेसर 95 टक्के रिकामा बसलाय. उलट एखाद्या अ‍ॅपपुढे नुसतं 12 दिसलं तर 'हे काय विशेष नाही' म्हणून सोडून देतात. विंडोज टक्केवारी सगळ्या प्रोसेसरची मिळून धरतं. आठ लॉजिकल प्रोसेसरच्या मशीनवर एक पूर्ण जुंपला तरी साडेबाराच टक्के दिसणार. तासन्‌तास 12-13 वर ठाण मांडून बसलेलं अ‍ॅप बहुधा कुठेतरी अडकलेलं असतं. मॅकच्या अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये मोजणी कोअरमागे होते, त्यामुळे तिथे 300 टक्केसुद्धा शक्य आहेत.

शंभर टक्क्यांनी प्रोसेसर जळत नाही. व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना त्याने तेवढं राबायलाच हवं. तापला तर तो स्वतःच वेग उतरवतो. म्हणूनच एप्रिलातल्या पुण्यात, धुळीने पंखा चोंदलेला असेल तर, तेच काम जास्त रेंगाळतं.

सगळ्यात जास्त शिव्या खातो तो अँटिव्हायरस. पुणेकरांनी त्याला तरी थोडं समजून घ्यावं, कारण क्विक हील इथलंच. 1990च्या दशकात कैलाश काटकर यांच्या दुरुस्तीच्या व्यवसायात व्हायरस लागलेले कॉम्प्युटर येत, आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर प्रोग्राम लिहिले. तो डॉसचा आणि फ्लॉपीचा काळ. स्कॅन बहुतेकदा मुद्दाम चालवावा लागायचा. आजचा अँटिव्हायरस, कुठल्याही कंपनीचा असो, उघडणारी फाइल त्याच क्षणी तपासतो. मोठी झिप उघडली किंवा हजारो बारीक फाइल्स कॉपी केल्या की त्याचा आकडा चढणारच. तो काढून टाकणं हा उपाय नव्हे. पूर्ण स्कॅनची वेळ जेवणाच्या सुट्टीत ढकलणं हा उपाय आहे. विंडोजच्या डिफेंडरमध्ये तर ठरलेल्या स्कॅनसाठी सीपीयूची मर्यादाही असते, मुळात 50 टक्क्यांची, आणि ती कमी करता येते. 'एकापेक्षा दोन बरे' म्हणून दोन अँटिव्हायरस टाकणाऱ्यांना मात्र काय म्हणावं! दोघे एकाच फाइलवर तुटून पडतात.

'एंड टास्क' केलं की प्रश्न मिटला, हाही भ्रम. फाइल्स शोधण्यासाठी यादी बनवणाऱ्या सर्च इंडेक्सरसारखी सेवा बंद पाडली तर विंडोज तिला बहुधा पुन्हा उठवतं. लग्नाचे हजारभर फोटो नुकतेच उतरवले असतील किंवा आठवडाभर बंद असलेलं मशीन आज लावलं असेल, तर तासभर इंडेक्सरला त्याचं काम करू द्यावं. आकडा रोज ठरावीक वेळीच चढत असेल तर टास्क शेड्यूलरमध्ये त्या वेळी काय लागतं ते बघावं. अ‍ॅपचं अपडेट आल्यापासूनच चढत असेल तर ते अ‍ॅप काढून पुन्हा टाकावं.

आता खरा व्हायरस. नाव ओळखीचं म्हणून निर्धास्त राहू नये. विंडोजच्या सेवा चालवणारा अस्सल एसव्हीसीहोस्ट सिस्टिम 32 फोल्डरमधून चालतो. नावावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' म्हटल्यावर डाउनलोड्स किंवा टेम्प उघडलं, तर तो तोतया. परस्पर क्रिप्टो खणणारे काही प्रोग्राम याहून बेरकी असतात: टास्क मॅनेजर उघडला की गप्प होतात, मिटला की पुन्हा सुरू. अशी शंका आली तर डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावावा. तो विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच चालतो आणि साधारण पंधरा मिनिटं घेतो. मशीन लगेच रीस्टार्ट होतं, तेव्हा उघड्या फाइल्स आधी सेव्ह करा.