क्षितिज हरवते तेव्हा

अमावास्येच्या आसपासची रात्र असावी. देवळातली शेजारती आटोपलेली असावी, दुकाने मिटलेली असावीत. अशा वेळी गणपतीपुळ्याच्या वाळूत उभे राहून पश्चिमेकडे पाहावे. पाणी कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होते, ते कळत नाही. लांबवर एखादा दिवा लुकलुकतो. तो मासेमारीला गेलेल्या होडीचा की मावळतीला टेकलेल्या ताऱ्याचा, हे सांगता येत नाही. पायांखाली वाळू आहे म्हणून आपण सरळ उभे आहोत याची खात्री. बाकी डोळ्यांचा इथे काडीचा उपयोग नाही.

मी आयुष्यभर विमानांच्या देखभालीचे काम केले. निवृत्त झाल्यावर मालगुंडच्या वडिलोपार्जित घरी येऊन राहिलो. पुळ्याचा किनारा पायी जाण्याइतका जवळ. अशा काळ्या रात्री या वाळूत उभा राहिलो की मला हटकून 1 जानेवारी 1978 ची संध्याकाळ आठवते.

त्या वेळी मी मुंबईत सांताक्रूझच्या एका हँगरमध्ये शिकाऊ कामगार होतो. एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे जंबो विमान त्या संध्याकाळी दुबईला निघाले. आत 190 प्रवासी आणि 23 कर्मचारी. धावपट्टी सोडून ते समुद्रावर आले आणि उड्डाणानंतर अवघ्या 101 सेकंदांत वांद्र्याच्या किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर पाण्यात कोसळले. 213 माणसांपैकी एकही वाचला नाही.

दुसऱ्या दिवशी हँगरमध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता. कोणी म्हणे घातपात. कोणी म्हणे इंजिन बंद पडले. कोणी वैमानिकाचे नाव घेई. खरे कारण समोर आले ते समुद्रातून बाहेर काढलेल्या मुद्रकांमधून, आणि ते या सगळ्या तर्कांपेक्षा वेगळे होते.

एक छोटेसे उपकरण

वैमानिकासमोर एक गोल उपकरण असते. त्याचा वरचा भाग आकाशाचा, खालचा जमिनीचा आणि मधली रेघ क्षितिजाची. विमान कोणत्या बाजूला किती कलले आहे, हे त्यावरून कळते. मराठीत त्याला कृत्रिम क्षितिज म्हणता येईल. दिवसा खिडकीतून खरे क्षितिज दिसते, तेव्हा या उपकरणावाचून फारसे अडत नाही. रात्री समुद्रावर मात्र तोच एक आधार.

त्या संध्याकाळी विमानाने ठरल्याप्रमाणे उजवीकडे वळण घेतले आणि ते पुन्हा सरळ झाले. मुख्य वैमानिकासमोरचे उपकरण मात्र उजवा कल दाखवतच राहिले. विमान अजून उजवीकडे कललेले आहे असे समजून त्याने ते डावीकडे वळवले. सरळ असलेले विमान डावीकडे कलू लागले, कलतच गेले आणि शेवटी सुमारे 108 अंशांपर्यंत आडवे होऊन कोसळले.

वाचक विचारतील, एवढे मोठे विमान आडवे होत असताना आत बसलेल्या माणसाला कळणार नाही काय? नाही कळत. आपला तोल सांभाळणारी यंत्रणा कानाच्या आतल्या भागात असते. तिथल्या अर्धवर्तुळाकार नलिकांतला द्रव हलला की मेंदूला सूचना मिळते. कल हळूहळू वाढला तर ती सूचना मिळतच नाही, आणि विमान वळणात असले की वजनही आसनाच्या दिशेनेच जाणवते. बाहेर क्षितिज नसेल तर माणूस पूर्ण विश्वासाने चुकतो.

त्या कक्षात अशी उपकरणे तीन होती. एक मुख्य वैमानिकासमोर, एक सहवैमानिकासमोर आणि तिसरे राखीव. ध्वनिमुद्रकावर उपकरणाविषयी मुख्य वैमानिकाचा अचंबा ऐकू येतो. फ्लाइट इंजिनिअर अगदी शेवटच्या क्षणी चूक लक्षात आणून देण्याचा प्रयत्न करतो. पण तोवर वेळ हातची गेली होती. मृतांच्या नातलगांनी अमेरिकेत विमान आणि उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांवर दावे लावले. 1985 मध्ये सिअ‍ॅटलच्या न्यायालयाने ते फेटाळले.

न्यायालयात दोष कोणाचा हे ठरते. विमानविद्येतला प्रश्न वेगळा असतो. एक उपकरण बिघडले, तर शेजारची दोन चांगली उपकरणे त्या तीन अनुभवी माणसांच्या कामी का आली नाहीत?

कोणी नव्हे, कसे?

या प्रश्नाने पुढच्या काळात विमानविद्येचे रूप बदलले. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या तेनेरिफ बेटावर दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळून 583 माणसे गेली होती. त्यातही कक्षातल्या कनिष्ठाला आलेली शंका वरिष्ठापर्यंत नीट पोचली नव्हती. 1979 मध्ये अमेरिकेच्या 'नासा'ने या विषयावर कार्यशाळा घेतली, आणि वैमानिकांना उड्डाणाबरोबरच एकमेकांशी बोलायलाही शिकवायला हवे, हा विचार रुजला. 'साहेब, तुमचे चुकते आहे' हे वाक्य वेळेवर आणि स्पष्ट म्हणता येणे, हा आता प्रशिक्षणाचा भाग आहे. आपल्याकडे हे वाक्य किती अवघड आहे, ते मी वेगळे सांगायला नको.

चौकशीची तत्त्वे त्याआधीच ठरलेली होती. 1944 च्या शिकागो कराराचे तेरावे परिशिष्ट 1951 मध्ये स्वीकारले गेले. अपघाताच्या चौकशीचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे, दोष किंवा जबाबदारी ठरवणे हा नव्हे, असे ते आज सांगते. आपल्याकडे पूर्वी नियम करणारे खातेच चौकशीही करी. त्यासाठी वेगळी संस्था 2012 मध्ये उभी राहिली.

चौकशी म्हणजे एक गुन्हेगार शोधणे, ही आपली समजूत किती अपुरी आहे ते औरंगाबादच्या अपघातावरून कळते. 26 एप्रिल 1993 रोजी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग 737 विमान उडता उडता धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकले. विमानातल्या 118 पैकी 55 जण गेले. वैमानिकांनी विमान उचलायला उशीर केला आणि चुकीच्या पद्धतीने उचलले, हे चौकशीत निघाले. पण त्याच दमात हेही निघाले की विमानाच्या वेळेला त्या रस्त्यावरची वाहतूक विमानतळाच्या यंत्रणेने रोखायला हवी होती, ती रोखली नव्हती. दोहोंपैकी एक गोष्ट जरी नीट घडली असती, तर ती 55 माणसे कदाचित घरी पोचली असती.

जेम्स रीझन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने यासाठी भोके असलेल्या चीजच्या चकत्यांची उपमा दिली. आपण घावनांची घेऊ. एका घावनाला जाळी असते, पण चार घावने एकावर एक ठेवली तर आरपार दिसत नाही. सगळ्यांची भोके एका रेषेत आली तरच दिसते. अपघात म्हणजे ती रेषा. चौकशी करणाऱ्याने एका घावनाला दोष देऊन भागत नाही, त्याला प्रत्येकाचे भोक मोजावे लागते.

माझी बॅटरी

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. नोकरीला तीन-चार वर्षे झाली असतील. रात्रपाळी संपवून मी बसच्या रांगेत उभा होतो. पिशवीत हात घातला, तर बॅटरी नाही. रात्री विमानाच्या चाकांच्या कप्प्यात वाकून काम करताना ती माझ्या हातात होती. पोटात गोळा आला. बस समोर आली होती. वाटले, घरीच राहिली असेल, जाऊ दे. मग पाय आपोआप मागे वळले.

विमान सुटायला पाऊण तास होता. आमच्या फोरमनसाहेबांना सांगितले. त्यांनी एक शब्द न बोलता विमान थांबवले. बॅटरी सापडली ती चाके आत ओढणाऱ्या यंत्रणेजवळच्या एका फळीवर. नोकरी गेली असे मी धरूनच चाललो होतो. साहेब म्हणाले, "परत आलास, हे बरे केलेस. आता बस आणि सांग, बॅटरी तिथे राहिली कशी?"

'कशी राहिली' असे त्यांनी विचारले, 'कोणी ठेवली' असे नव्हे. मी सांगत गेलो. कप्प्यातला दिवा गेलेला होता, म्हणून स्वतःची बॅटरी वापरली. पाळी बदलायच्या घाईत काम मध्येच दुसऱ्याकडे दिले. हत्यारे मोजून परत घेण्याची पद्धत नव्हती. महिन्याभरात हँगरच्या भिंतीवर एक फळा लागला. त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली. हत्यार जागेवर नसले की त्याची रिकामी आकृती लांबूनच डोळ्यांत भरे, आणि ती भरल्याशिवाय विमान सोडायचे नाही असा नियम झाला. मला त्या दिवशी हाकलले असते, तर पुढचा कोणी रांगेतून परत फिरला नसता.

वाचला तर कोण लिहितो?

आता किनाऱ्याकडे येतो. पुळ्याचा समुद्र देखणा आहे, तसाच दगा देणाराही आहे. किनारा उताराचा आहे, आणि कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायांखालची वाळू मागे जाणारी लाट ओढून नेते. इथे माणसे बुडाल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. पोलीस 'अकस्मात मृत्यू' अशी नोंद करतात. आपण 'काळ आला होता' म्हणतो, किंवा 'पर्यटकांचा हलगर्जीपणा' म्हणतो. दोन्हींनी विषय संपतो.

एका मे महिन्यात घाटावरून आलेल्या कुटुंबातला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा माझ्या डोळ्यांदेखत ओढला गेला. गाड्यांवर काम करणाऱ्या इथल्याच दोन पोरांनी टायरची ट्यूब आणि दोर घेऊन उड्या टाकल्या आणि त्याला ओढून आणले. त्याच्या आईने हंबरडा फोडला. अर्ध्या तासाने तिथेच पुन्हा उंटाच्या फेऱ्या सुरू झाल्या.

त्या पोरांपैकी एकाला मी विचारले, "असे किती वेळा होते रे?"

"मोजतो कोण, काका? गेला तर पोलीस लिहितात. वाचला तर कोण लिहितो?"

ते वाक्य ऐकून मी चपापलो. कारण विमानविद्येनेही हीच चूक एकदा फार महाग विकत घेतली आहे. 1 डिसेंबर 1974 रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ एक विमान वेळेआधी खाली उतरून डोंगरावर आपटले आणि 92 जण गेले. नंतर कळले की सहाच आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीचे विमान त्याच डोंगरावर थोडक्यात वाचले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले, पण ही गोष्ट इतरांपर्यंत पोचली नाही. 1976 मध्ये तिथे अशी व्यवस्था झाली की कोणीही आपली चूक किंवा टळलेला अपघात गुप्तपणे कळवावा आणि तो धडा सर्वांना मिळावा. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्रही त्याच काळात विमानांत सक्तीचे होऊ लागले. 7 जुलै 1962 रोजी आपल्या जुन्नरजवळच्या डोंगरावर इटलीचे विमान असेच वेळेआधी उतरून आदळले होते. त्यातल्या 94 जणांच्या वाट्याला ते यंत्र आले नाही.

आपल्याला घाई असते ती निकालाची. 12 जून 2025 रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर लगेच कोसळून 260 जण गेले. महिन्याभराने प्राथमिक अहवाल आला. दोन्ही इंजिनांचे इंधन तोडणारे स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले, आणि एका वैमानिकाने दुसऱ्याला त्याविषयी विचारले असता त्याने आपण तसे केले नसल्याचे सांगितले, एवढे त्यात होते. त्याच संध्याकाळी घरोघरी निवाडे झाले. तो अहवाल काय झाले ते सांगत होता. का झाले, ते नव्हे. या दोहोंमधले अंतर धीराने चालत जाणे, हेच चौकशीचे काम.

मी एक वही घातली आहे. ती दोन पोरे आणि त्यांचे मित्र येता-जाता सांगतात, मी लिहितो. तारीख, वेळ, भरती की ओहोटी, माणूस पाण्यात कुठून शिरला, कोणी हाक मारली, ती ऐकू आली का. नाव लिहीत नाही आणि दोष लिहीत नाही. एका नोंदीत पोराने सांगितले, "काका, तो म्हणाला, फलक दिसलाच नाही." मी चिडणार होतो. मग संध्याकाळी त्याच वाटेने समुद्राकडे चालत गेलो. मावळता सूर्य फलकाच्या मागे होता. मला नुसती काळी चौकट दिसली, अक्षर एकही नाही.

अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी मुंबईच्या समुद्रावर एका वैमानिकाला त्याच्यासमोरच्या उपकरणाने खोटे सांगितले. इथे फलक खरे सांगत होता, पण ज्याला सांगायचे त्याला ते दिसत नव्हते. फलक फिरवायला दोन माणसे आणि एक कुदळ पुरते. तो फिरवायला हवा, हे कळायला मात्र वाचलेल्या माणसाला कोणीतरी विचारावे लागते.

ही वही मी ग्रामपंचायतीला नेऊन देणार आहे. आपल्या गावाला समुद्र असेल, धरण असेल, घाटातले वळण असेल किंवा नुसती शाळेसमोरची रहदारी असेल. तिथेही अशी एक वही ठेवून पाहा.