अपस्मार : ओठावर अडलेला प्रश्न

अपस्माराच्या, म्हणजे फिट्सच्या रुग्णाचे नातेवाईक माझ्याकडे गोळ्या, पथ्य, शिक्षण, लग्न अशा सर्व गोष्टींविषयी विचारतात. 'यात जीव जाऊ शकतो का?' हा प्रश्न मात्र ओठावरच अडतो. पुष्कळदा डॉक्टरही तो विषय काढत नाहीत. मी तो आपणहून काढतो, कारण हा धोका बऱ्याच अंशी कमी करता येतो.

अपस्माराच्या काही रुग्णांना अचानक मृत्यू येतो. अपघात, बुडणे असे कारण नसते. शवविच्छेदनातही काही सापडत नाही. बहुधा हे रात्री झोपेत घडते आणि रुग्ण पालथा आढळतो. सर्वांगाला झटके देणारी मोठी फीट ओसरल्यावर श्वास थांबतो व मागोमाग हृदय बंद पडते, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले.

धोका किती? अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २०१७ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार वर्षाला दर १००० प्रौढ रुग्णांमागे १, तर दर ४५०० मुलांमागे १. वर्षातून ३ किंवा अधिक मोठ्या फिट्स येणाऱ्यांना तो सुमारे १५ पट असतो. फिट्स पूर्ण थांबल्या की तो पुष्कळच घटतो. म्हणूनच पुढील काळजी घ्यावी :

१) गोळी एकदाही चुकवू नये, उपासाच्या दिवशीही घ्यावी. लग्नानंतर सासरी कळू नये म्हणून मुली गोळ्या बंद करतात. हे जिवावर बेतू शकते. लग्न ठरवतानाच आजार सांगावा.

२) जागरण व दारू टाळावी.

३) रात्री फिट्स येत असल्यास त्याच खोलीत कोणीतरी झोपावे.

४) फीट आल्यास कांदा, चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये. झटके थांबताच रुग्णाला कुशीवर वळवावे व पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत जवळ थांबून श्वासावर लक्ष ठेवावे. फीट ५ मिनिटांत थांबली नाही किंवा श्वास दिसेना, तर लगेच १०८ क्रमांकावर फोन करावा.

गोळ्या नियमित घेऊनही फिट्स येत असतील, तर 'चालायचेच' म्हणून गप्प बसू नका. औषध बदलता येते, काहींना शस्त्रक्रियेचाही उपयोग होतो. पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारा. रुग्ण जाणता असेल, तर त्यालाही सोबत बसवा.