सोळा शब्द, चार गट

‘मालेगाव’ म्हटलं की नाशिककडच्या माणसाला यंत्रमाग आठवतात. बारामतीकडच्याला सहकारी साखर कारखाना आठवतो. नांदेडकडच्याला लोहा तालुक्यातली खंडोबाची यात्रा आणि तिथला जनावरांचा बाजार. आणि आम्हा वाशीम जिल्ह्यातल्या लोकांना आठवतं ते अकोला-वाशीम रस्त्यावरचं तालुक्याचं गाव, ज्याच्या तालुक्यात शिरपूर जैनचं अंतरिक्ष पार्श्वनाथाचं देवस्थान आहे. शब्द एकच, पण ज्याच्या त्याच्या डोक्यात त्याचे शेजारी निराळे. सध्या अनेक जण रोज सकाळी मोबाइलवर शब्दसंबंधांचं एक कोडं सोडवतात. तो सगळा खेळ शब्दाच्या या शेजाऱ्यांवरच उभा आहे.

खेळ साधा आहे. समोर सोळा शब्द येतात. त्यांचे चार-चारचे चार गट पाडायचे आणि प्रत्येक गटाला बांधणारा धागा शोधायचा. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जून २०२३ मध्ये ‘कनेक्शन्स’ या नावाने हे कोडं सुरू केलं आणि ते जगभर पसरलं. त्याआधी बीबीसीच्या ‘ओन्ली कनेक्ट’ या २००८ साली सुरू झालेल्या प्रश्नमंजूषेत सोळा शब्दांची अशीच भिंत असायची. ‘कनेक्शन्स’मध्ये चार चुका झाल्या की खेळ संपतो. सोपा गट पिवळा, सर्वांत अवघड जांभळा. सोळा शब्दांचे चार-चारचे चार गट एकूण २६,२७,६२५ प्रकारे पाडता येतात, त्यामुळे अंदाजपंचे खेळून हाती काही लागत नाही.

वर्णनापेक्षा एक कोडं सोडवून पाहिलेलं बरं. आपल्या भागातले शब्द घेऊन हे मांडलं आहे:

पीक, तूर, वखर, नारळ
खत, ऊस, डवरा, सोयाबीन
मोरपीस, नांगर, चारा, हरभरा
तिफण, बटाटा, औषध, कापूस

पहिल्या नजरेत सगळी शेतीच दिसते, आणि इथेच माणूस फसतो. तूर, सोयाबीन, हरभरा, कापूस, ऊस, बटाटा असे पिकांच्या गटाचे सहा उमेदवार उभे राहतात, जागा मात्र चारच. घाई करून त्यातले कोणतेही चार टिपले की बहुतेक वेळा एक चूक नावावर लागते. मुरलेला खेळाडू आधी ‘मोरपीस’ उचलतो, कारण शेतीच्या पसाऱ्यात ते कुठेच बसत नाही. ज्या शब्दाला जागा सापडत नाही, त्याच्यापासून सुरुवात करायची. मोरपिसावर काय असतं? डोळा. मग नारळाला डोळे असतात, बटाट्याला असतात, आणि उसाचं बेणं तर डोळे मोजूनच लावतात. डोळ्यांचा गट जमला. ऊस आणि बटाटा तिकडे गेल्यावर पिकांचे चारच उरले. वखर, डवरा, नांगर, तिफण ही अवजारं आपल्याकडच्या पोरासोरांनाही ठाऊक. आता राहिले पीक, खत, चारा आणि औषध. यांचा धागा त्या शब्दांच्या अर्थात शोधून सापडणार नाही. तो बोलण्यात आहे: पीकपाणी, खतपाणी, चारापाणी, औषधपाणी. चौघांच्याही मागे ‘पाणी’ लागतं. जांभळा गट असाच असतो. अर्थ बाजूला ठेवून शब्द कानाने ऐकला की तो सुटतो.

एक शब्द ऐकला की दुसरा का आठवतो, याचा शोध माणसाने पूर्वीच सुरू केला. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७९ मध्ये स्वतःवरच प्रयोग केले. एकेक शब्द समोर ठेवायचा, मनात काय उमटतं ते टिपायचं आणि त्याला लागलेला वेळही मोजायचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झुरिचमध्ये कार्ल युंग यांनी रुग्णांना शब्द ऐकवून, उत्तराला लागलेला वेळ घड्याळावर मोजून मनातल्या गाठी शोधल्या. पुढे १९७५ मध्ये कॉलिन्स आणि लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं की स्मरणात शब्द एका जाळ्यात गुंफलेले असतात. एक जागा झाला की त्याचे शेजारी जागे होतात, मग त्यांचे शेजारी. जितका संबंध जवळचा, तितकी जाग लवकर. वरच्या कोड्यात ‘ऊस’ वाचताच पीक जागं झालं, डोळा झोपून राहिला, तो यामुळेच.

म्हणून या कोड्यात शब्दसंपत्तीपेक्षा मोठी गोष्ट लागते, ती म्हणजे सुचलेलं पहिलं नातं सोडून देण्याची तयारी. हे अवघड जातं. १९४२ मध्ये अब्राहम लुचिन्स यांनी पाण्याची मापं मोजण्याच्या प्रयोगातून दाखवलं की एक रीत लागू पडत गेली की माणसं तीच धरून बसतात, समोर सोपी वाट असली तरी. अडलेलं कोडं बाजूला ठेवून दुसऱ्या कामाला लागलं की बऱ्याचदा उत्तर सुचतं, त्याचं एक कारण हेच असावं. मधल्या वेळात चुकीच्या नात्याची पकड सैल होते. रोजच्या कोड्याने स्मृतिभ्रंश टळतो, असं मात्र कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्यावर विसंबू नये. या खेळातला आनंद पुरेसा आहे, त्याला औषधाचं लेबल लावायची गरज नाही.

शब्दांचे गट पाडणं आपल्याला परकं तर मुळीच नाही. पाठशाळांमधून पिढ्यानपिढ्या घोकून घेतलेल्या अमरकोशाची रचनाच गटांची आहे. देवांचा वर्ग वेगळा, वनौषधींचा वेगळा, सिंहादी प्राण्यांचा वेगळा. आणि शेवटच्या कांडात एक नानार्थवर्ग आहे, जिथे एकाच शब्दाचे अनेक अर्थ दिले आहेत. एका वर्गात बसवलेला शब्द दुसऱ्या अर्थाने दुसरीकडेही बसतो, हे कोशकाराला पक्कं ठाऊक होतं. आजच्या कोड्याचा सगळा डाव या नानार्थावरच चालतो.

मालेगावसारख्या तालुक्याच्या गावात या विद्येची रोजची जागा अभ्यासिकेत आणि शाळेत आहे. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत ‘वर्गीकरण’ आणि ‘समसंबंध’ हे ठरलेले घटक. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलंही ‘गटात न बसणारं पद ओळखा’ हे प्रश्न शेकड्याने सोडवतात. मला या प्रश्नांबद्दल एक खंत आहे. गहू, ज्वारी, बाजरी, तूर यातलं विसंगत पद कोणतं? पुस्तक सांगतं तूर, कारण ते कडधान्य आहे. पण विदर्भातल्या शेतकऱ्याचं पोरगं ‘गहू’ म्हणालं तर? त्याच्या घरी ज्वारी, बाजरी, तूर खरिपात पेरतात आणि गहू रब्बीत. त्याने लावलेलं नातं शंभर टक्के खरं आहे, तरी त्याचे गुण जातात. परीक्षेला एकच उत्तर हवं असतं, तिची ती अडचण समजू शकते. सोळा शब्दांच्या कोड्यात मात्र हेच दुसरं नातं पाहणारं पोरगं जिंकतं. तिथे एका शब्दाचे दोन-दोन, तीन-तीन शेजारी मनात धरून ठेवावे लागतात आणि सगळे सोळा जुळेपर्यंत निकाल द्यायचा नसतो. बुद्धिमत्ता म्हणतात ती हीच, असं मी तरी मानतो.

इंग्रजी कोडी सोडवणाऱ्या आपल्या मुलांचं घोडं कुठे अडतं? अमेरिकेतल्या बेसबॉल संघांवर, तिकडच्या मालिकांवर, खाऊच्या ब्रँडवर. यात बुद्धी कमी पडत नाही, तो परिसर त्यांचा नसतो इतकंच. उलट ‘डवरा’ आणि ‘तिफण’ पाहून पुण्या-मुंबईतलं हुशार मूल गप्प बसेल. पश्चिम महाराष्ट्रात डवऱ्याच्या जागी कोळपं आणि तिफणीच्या जागी पाभर घातली, तर तेच कोडं तिथल्या शिवारात चालेल. शब्दांची नाती ज्या त्या गावच्या बोलण्यात आणि कामात रुजलेली असतात. म्हणूनच वऱ्हाडातलं कोडं वऱ्हाडातल्या माणसानेच रचायला हवं.

रचायला फार काही लागत नाही. आधी जांभळा गट ठरवा. चहा, दाणा, पाऊस यांच्यामागे लागणारं ‘पाणी’ असो की देव, माहेर यांच्यामागे येणारं ‘घर’, मराठीचे जोडशब्द इथे हात सैल सोडून देतात. मग उरलेल्या तीन गटांत मुद्दाम असे शब्द घाला जे दोन ठिकाणी बसल्यासारखे वाटतील. शेवटी दुसऱ्या कुणाकडून सोडवून घ्या आणि पूर्ण उत्तर एकच निघतं ना, ते तपासा. दोन निघाली तर दोष रचणाऱ्याचा.

जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती आहे: परिपाठानंतर फळ्याच्या एका कोपऱ्यात रोज सोळा शब्द लिहा. आठवड्यातून एक दिवस ते मुलांना रचू द्या, आणि घरून आजी-आजोबांच्या तोंडचे शब्द आणायला सांगा. पोराने अनपेक्षित गट पाडला तर चूक म्हणण्याआधी त्याला एकदा विचारा, ‘तुला यांचं नातं काय दिसलं?’