सर्व्हरवर नेमकं कोणतं व्हर्जन चालू आहे? गैरसमज आणि वस्तुस्थिती

२७ जून २०१७ रोजी न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या कंटेनर टर्मिनलची संगणक यंत्रणा ठप्प झाली आणि कामकाज हाताने करायची वेळ आली. टर्मिनल चालवणाऱ्या मर्स्क समूहाच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये ‘नॉटपेट्या’ हे मालवेअर शिरलं होतं. ते ज्या फटींतून पसरत होतं, त्यांतली विंडोजच्या फाइल शेअरिंगमधली फट बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. पण नॉटपेट्या हाती लागलेल्या यंत्रातून पासवर्डही चोरत असे आणि त्यांच्या बळावर पॅच केलेल्या यंत्रांवरही चढत असे. म्हणजे जुनं राहिलेलं एकच यंत्र बाकीच्यांना गोत्यात आणू शकत होतं.

शीव कोळीवाड्यातली पतसंस्था, पॅथॉलॉजी लॅब किंवा शाळेचं कार्यालय बंदराएवढं मोठं नसतं. सर्व्हर एखाद-दुसराच असतो आणि तो सांभाळणारा माणूस बहुधा बाहेरून येतो. व्हर्जन विचारलं की तो आकडा सांगतो आणि आपण लिहून घेतो. तो आकडा कुठून काढला, हे मात्र कोणी विचारत नाही. पुढचे बहुतेक गैरसमज त्या न विचारलेल्या प्रश्नातून निघतात.

गैरसमज १ : आकडा जुना दिसतो, म्हणजे सर्व्हर असुरक्षित आहे.

वस्तुस्थिती : लिनक्स पुरवणाऱ्या रेड हॅटसारख्या कंपन्या मूळ व्हर्जन तेच ठेवून त्यात फक्त दुरुस्ती घालतात. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीतला ‘हार्टब्लीड’ दोष उघड झाला. मूळ प्रकल्पाने तो १.०.१जी मध्ये दुरुस्त केला. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ६ वर मात्र दुरुस्तीनंतरही व्हर्जन कमांड १.०.१ई असंच सांगत राहिली. खरी माहिती पॅकेजच्या पूर्ण नावात होती : १.०.१ई-१६.ईएल६_५.७. शेवटच्या त्या ७ वर सगळं अवलंबून होतं. म्हणून पॅकेजचं पूर्ण नाव काढा, त्याचा चेंजलॉग उघडा आणि त्यात दोषाचा क्रमांक शोधा. हार्टब्लीडसाठी तो सीव्हीई-२०१४-०१६० आहे.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. कंपनीचा सपोर्ट चालू आहे तोवरच अशी दुरुस्ती मिळते. रेड हॅट ७ मध्ये अपाची वेब सर्व्हर दहा वर्षं २.४.६ याच आकड्यावर राहिला आणि त्यात दुरुस्त्या होत राहिल्या. ३० जून २०२४ ला रेड हॅट ७ ची नेहमीची देखभाल संपली. वाढीव सपोर्ट विकत घेतला नसेल, तर तिथला जुना आकडा आता खरोखरच धोक्याचा आहे.

गैरसमज २ : सगळ्यात नवं व्हर्जन सगळ्यात सुरक्षित.

वस्तुस्थिती : २०२१ मध्ये अपाचीच्या २.४.४९ या ताज्या व्हर्जनमध्येच एक गंभीर दोष शिरला. त्याआधीच्या २.४.४८ मध्ये तो नव्हता. २.४.५० मधली दुरुस्ती अपुरी ठरली, २.४.५१ मध्ये काम पुरं झालं. अद्ययावत राहायलाच हवं, पण अपडेट केल्यावर पुढचे काही दिवस त्याच सॉफ्टवेअरच्या सूचनांवर नजर ठेवायला हवी.

गैरसमज ३ : पॅच टाकला, काम झालं.

वस्तुस्थिती : पॅचने डिस्कवरची फाइल बदलते. आधीपासून चालू असलेली प्रोसेस मेमरीतला जुनाच कोड वापरत राहते. लिनक्सवर हे सहज पडताळता येतं. ‘यूनेम -आर’ चालू कर्नल दाखवतं, आरपीएम या पॅकेज साधनाची यादी डिस्कवर बसवलेले कर्नल दाखवते. चालू कर्नल यादीतल्या सगळ्यात नव्या कर्नलपेक्षा जुना असेल, तर सर्व्हर रीबूट व्हायचा राहिला आहे. ओपनएसएसएलसारखी लायब्ररी बदलली, तर ती वापरणारी प्रत्येक सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागते. ओरॅकल डेटाबेसमध्ये तर कामाचे दोन भाग आहेत. ओपॅच फाइली बदलतं आणि डेटापॅच डेटाबेसच्या आतले बदल करतं. दुसरा भाग राहून गेला, तरी ओपॅचच्या यादीत पॅच बसलेलाच दिसतो.

गैरसमज ४ : कमांड जो आकडा देते, तोच सर्व्हरचा.

वस्तुस्थिती : ‘जावा -व्हर्जन’ लिहिलं की पाथमध्ये आधी सापडणारी जावा उत्तर देते. टॉमकॅट हा जावावर चालणारा वेब सर्व्हर मात्र वेगळ्या फोल्डरातल्या जावावर चालू असू शकतो. म्हणून चालू प्रोसेसपासून सुरुवात करा. लिनक्सवर पीएस कमांडने आणि विंडोजवर टास्क मॅनेजरमधून त्या प्रोसेसच्या फाइलचा पूर्ण मार्ग काढा आणि त्याच फाइलला तिचं व्हर्जन विचारा. एसक्यूएल सर्व्हरच्या मॅनेजमेंट स्टुडिओचा आकडा त्या साधनाचा असतो. डेटाबेसचा आकडा हवा, तर क्वेरी लिहून डेटाबेसलाच विचारावं लागतं. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या मेल सर्व्हरमधलं ‘ॲडमिन डिस्प्ले व्हर्जन’ अनेकदा क्युम्युलेटिव्ह अपडेटपर्यंतचंच सांगतं. त्यावर टाकलेलं सिक्युरिटी अपडेट पाहायचं, तर एक्ससेटअप या प्रोग्राम फाइलचं व्हर्जन पाहावं लागतं.

गैरसमज ५ : इन्स्टॉल केलेल्या सॉफ्टवेअरची यादी काढली, की सगळं कळलं.

वस्तुस्थिती : डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतला दोष उघड झाला. २.० पासून २.१४.१ पर्यंतची तिची व्हर्जन धोक्यात होती. ही लायब्ररी बहुधा स्वतंत्रपणे इन्स्टॉल होत नाही, दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या जार फाइलच्या पोटात बसून येते. त्यामुळे पॅकेजच्या यादीत ती दिसेलच असं नाही. जार फाइली उघडून शोधाव्या लागल्या आणि विक्रेत्यांना एकेक करून विचारावं लागलं. सॉफ्टवेअर घेतानाच त्यातल्या घटकांची यादी मागून घ्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनेही अशा यादीबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत.

गैरसमज ६ : २.९ हे २.१० पेक्षा पुढचं.

वस्तुस्थिती : हा दशांश अपूर्णांक नाही. प्रत्येक टिंबानंतरचा आकडा स्वतंत्र पूर्णांक आहे, म्हणून २.१० पुढचं. एक्सेलमध्ये व्हर्जनचा रकाना आधीच टेक्स्ट केला नाही, तर २.१० चं २.१ होऊन बसतं.

गैरसमज ७ : व्हर्जन बाहेर दिसू दिलं नाही, की सर्व्हर सुरक्षित.

वस्तुस्थिती : आकडा झाकणं चांगलंच, पण हल्ला करणारी बरीच साधनं व्हर्जन न विचारताच दोष वापरून पाहतात. झाकलेला दोष दोषच राहतो.

मग नोंद कशी ठेवावी?

नागरी सहकारी बँकांनी आयटी साधनांची अद्ययावत नोंदवही ठेवावी, असं रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्येच सांगितलं आहे. पतसंस्थेने, दवाखान्याने आणि शाळेनेही ती ठेवावी. रकाने मोजकेच हवेत : सर्व्हर, सॉफ्टवेअर, बिल्डसह पूर्ण व्हर्जन, आकडा कुठून घेतला, सर्व्हिस शेवटची कधी रीस्टार्ट झाली, सपोर्ट कधी संपतो आणि तपासणीची तारीख. ‘कुठून घेतला’ हा रकाना रिकामा असेल, तर त्या ओळीवर विसंबू नका, पुन्हा तपासा.

सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवावी, असा २८ एप्रिल २०२२ चा निर्देश आहे. कोणत्या यंत्रावर काय चालू होतं, हे शोधायला त्या सहा तासांत सवड मिळणार नाही. नोंदवही त्याआधीच भरलेली हवी.