सातवीच्या तासाला गेम

संगणकाच्या तासाला मुलं गेम करतात, हे ऐकून काही पालकांच्या कपाळावर आठ्या पडतात. त्यांच्यासाठी, आणि पुढच्या वर्षी सातवीत येणाऱ्या कॅडेट्ससाठी हे लिहितो आहे. आम्ही गेम खेळत नाही, तयार करतो. त्यासाठी एमआयटी मीडिया लॅबचं स्क्रॅच वापरतो. २००७ पासून ते सर्वांना मोफत मिळतं. आज्ञा टाइप करायच्या नाहीत, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे.

‘तेज चल’ म्हटलं की ‘थम’ येईपर्यंत तुकडी चालत राहते. संगणकाचंही तसंच. फरक इतकाच, की समोर भिंत आली तर तुकडी निदान उस्तादांकडे बघते!

पहिला गेम सोपा असतो. वरून रेशनची पाकिटं पडतात, खाली जवानाने ती झेलायची. पडद्याचा मध्य शून्य, डावी कड उणे २४०, उजवी अधिक २४०. गणिताच्या वहीत रुसलेल्या ऋण संख्या इथे मुकाट्याने कामाला लागतात.

खरी मजा गुण मोजताना येते. पाकीट एक झेललं, गुण मात्र पंधरा! वर्गात हशा पिकतो. मी उत्तर सांगत नाही. ‘स्पर्श झाला का?’ ही तपासणी ‘सतत’च्या ठोकळ्यात सेकंदाला सुमारे ३० वेळा होते, अर्धा सेकंद स्पर्श टिकला की पंधरा गुण. हे मुलंच शोधतात. कोणी एक सेकंद थांबायला सांगतो, पण तेवढ्यात आलेलं दुसरं पाकीट मोजलं जात नाही. कोणी झेललेलं पाकीट लगेच परत वर पाठवतो. हा उपाय टिकतो.

मग दुसरा खेळाडू बसतो आणि त्याचे गुण आधीच्याच आकड्यापासून सुरू होतात. सुरुवातीला शून्य करायचं राहिलेलं असतं. ‘व्हेरिएबल’ हा शब्द मी तेव्हा फळ्यावर लिहितो, त्याआधी नाही. फळ्यावरून उतरवलेला प्रोग्रॅम पहिल्याच फटक्यात चालतो, म्हणून त्याला कोणी प्रश्न विचारत नाही.

वर्गात नियम एकच: माझ्याकडे येण्याआधी गेम शेजाऱ्याला खेळायला द्यायचा. बनवणाऱ्याच्या स्वप्नातही नसलेली बटणं तो दाबतो.

सुट्टीत मुलाने गेम दाखवला तर शाबासकी जरूर द्या, पण पाकिटांचा वेग निम्मा करायलाही सांगा. स्वतः केलेला असेल तर कुठला आकडा बदलायचा ते त्याला शोधावं लागणार नाही. घरी इंटरनेट नसलं तरी अडत नाही. स्क्रॅच एकदा संगणकावर उतरवून घेतलं की पुरे.